हलालखोर पट्टीच्या मागावर, मुंबईत पाच दिवस

शुक्रवार

कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला लागली आणि मामा प्लॅटफॉर्मवर उभे. वय 74, येऊ नका म्हणून फोनवर तीनदा सांगितलं होतं तरी आलेच. बॅग हातातून घेतली आणि म्हणाले, "चल बाय, आधी चहा, मग तुझी ती म्युन्सिपालिटी."

माझं या वेळचं मुंबईला येणं जरा वेगळं होतं. मी कोकणातल्या एका नगरपरिषदेत कर विभागात लिपिक आहे, 20 वर्षं घरपट्टी पाणीपट्टीची बिलं काढतेय, थकबाकीच्या नोटिसा लावतेय, मार्च एंडला वसुलीला दारोदार फिरतेय. खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करताना मुंबई महापालिकेचा 1888चा कायदा हातात पडला होता (आमच्या नगरपरिषदा 1965च्या कायद्यावर चालतात, मुंबईचं सगळं वेगळं) आणि त्यात करांच्या यादीत पाणीपट्टीच्या शेजारीच एक नाव होतं, हलालखोर कर. घरपट्टी कळते, पाणीपट्टी कळते, पण ही कसली पट्टी? नंतर वाचत गेले तेव्हा कळलं. घराघरातून मैला उचलून नेणाऱ्या माणसांना त्या काळच्या सरकारी कागदात हलालखोर म्हणत, म्हणजे कष्टाचं खाणारा, आणि त्यांच्या कामासाठी घरमालकाकडून जी पट्टी घ्यायची ती ही. आजच्या मुंबईच्या बिलात त्या जागी मलनिःसारण कर दिसतो. तेव्हापासून मनात होतं की एकदा मुंबईला जायचं ते फक्त यासाठी जायचं, गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची मुंबई बघायला नाही, तर पट्टी, पाणी, मोरी, धक्का, हजेरी या सगळ्यांची 19व्या शतकातली मुंबई बघायला. आणि मामांएवढा चांगला सोबती दुसरा कोण मिळणार, ते पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होते, म्हणजे रस्त्यातली चावी फिरवून पाणी सोडणारे, 33 वर्षं.

चहा घेऊन बाहेर आलो तर समोरच पालिकेची इमारत, सकाळच्या उजेडात तो दगड अगदी मऊ दिसतो. स्टेशन आणि पालिका दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचीच. डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड रिपनच्या हातून पायाभरणी झाली आणि 1893 ला काम पुरं झालं. रिपन म्हणजे ज्याने 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला तो, आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला त्याचं नाव येतं. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा. मी पुतळ्याला हात जोडले, मामांनी पण जोडले, ते म्हणाले नोकरीत असताना पगाराच्या दिवशी नेहमी इथूनच जायचो पण असं थांबून कधी बघितलं नाही.

माझगावला मामांच्या चाळीत आंघोळ जेवण झालं, मामी ऐकेना म्हणून तासभर पडले आणि दुपारी क्रॉफर्ड मार्केट. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई पण टॅक्सीवाल्यापासून मामींपर्यंत सगळे क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. 1869ची इमारत, विल्यम इमर्सनने बांधलेली, दारावरची दगडी कोरीव चित्रं आणि आतलं कारंजं लॉकवुड किपलिंगच्या हातचं. कारंज्याला आता रंगाचे थर बसलेत पण जवळ जाऊन बघितलं की त्यावरचे पक्षी प्राणी अजून ओळखू येतात. मी बराच वेळ तिथे उभी होते, शेजारी फळवाला पेरूच्या पाट्या लावत होता आणि मला वाटत होतं की मंडई ही पण शेवटी प्रशासनाचीच गोष्ट आहे, रस्त्यावर कुठेही मांडलेली भाजी मटण एका छपराखाली आणायचं, गाळे पाडायचे, भाडं ठरवायचं, तपासायला माणूस ठेवायचा, रोज झाडायचं, रोज पाणी मारायचं.

आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, 1865 ते 1871. त्याच्या आधी बरेच प्रयोग झाले होते, जस्टिस ऑफ द पीस लोकांचा (सरकारने नेमलेले शहरातले मानकरी) बेंच, मग 1845चं कॉन्झर्व्हन्सी म्हणजे सफाईचं बोर्ड, मग 1858 पासून तीन कमिशनरांचं त्रिकूट, ज्यात कोणाचंच कोणाला जमलं नाही. 1865च्या कायद्याने सगळी कारभाराची सत्ता एकाच्या हातात दिली. क्रॉफर्ड आणि त्याचा हेल्थ ऑफिसर डॉ. हेवलेट यांनी कामाचा धडाका लावला, गटारं उपसली, रस्ते रुंद केले, चामडी कमावण्याचे आणि चरबी वितळवण्याचे धंदे वस्तीतून बाहेर काढले, कत्तलखाना वांद्र्याला नेला. मृत्यूचं प्रमाण खाली आलं. पण पैसा पाण्यासारखा गेला आणि पट्ट्या वाढल्या. त्यात वेळ पण वाईट, अमेरिकेतली यादवी संपून 1865 ला कापसाचा भाव पडला, शेअरचा फुगा फुटला, शहरातली माणसं निघून गेली. 1864च्या शिरगणतीत मुंबई 8,16,562 आणि 1872 ला 6,44,405. वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्याला हे आकडे वाचून पोटात गोळा येतो, कारण बजेट आठ लाख माणसांचं आणि भरायला साडेसहा लाख. पट्टी भरणारे चिडले आणि क्रॉफर्डला जावं लागलं.

त्याचं पुढचं प्रकरण आपल्या शाळेत टिळकांच्या धड्यात येऊन जातं पण तो हाच माणूस हे लक्षात येत नाही. पुढे तो पुण्याकडे मध्य भागाचा कमिशनर असताना मामलेदारांकडून बदली बढतीसाठी पैसे घेतल्याचे आरोप झाले, 1888 मध्ये चौकशी बसली, लाचेचा आरोप सिद्ध धरला गेला नाही पण आपल्याच हद्दीतल्या लोकांकडून कर्जं काढल्याबद्दल नोकरीतून काढलं. आणि ज्या मामलेदारांनी खरं सांगितलं त्यांच्यातल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या बाजूने टिळक उभे राहिले. मंडईच्या दारात उभं राहून मला दोन्ही गोष्टी एकदम आठवत होत्या. शहर स्वच्छ करणारा पण हाच आणि खालच्या माणसांना कर्जाच्या नावाने पिळणारा पण हाच.

शनिवार

आज पालिकेची इमारत आतून बघितली, शनिवार रविवारी गटाने फिरवून दाखवतात. जिना, मधला घुमट, रंगीत काचा, सभागृहाचं लाकडी काम, सगळं डोळ्यात मावत नाही. जुन्या बोधचिन्हावर लॅटिनमध्ये लिहिलंय, भारतातलं पहिलं शहर अशा अर्थाचं. पण मी आले होते ते खुर्च्या मोजायला. 1872च्या कायद्याने पहिल्यांदा कॉर्पोरेशन आलं, 64 सभासद, त्यातले 32 पट्टी भरणाऱ्यांनी निवडायचे, 16 जस्टिस लोकांनी, 16 सरकारने. मत कोणाला, तर वर्षाला निदान 50 रुपये पट्टी भरणाऱ्याला. 1888च्या कायद्याने सभासद 72 झाले, त्यात वॉर्डातून निवडलेले 36, सरकारचे 16, जस्टिसांचे 16, दोन युनिव्हर्सिटीचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे, आणि मताची पट्टी 30 रुपयांवर आली.

30 रुपये म्हणजे किती हे आज पटकन कळत नाही. गिरणीतल्या साध्या कामगाराला महिन्याला जेमतेम दहा बारा रुपये मिळायचे आणि चाळीतल्या खोलीची पट्टी त्याच्या नावावर नसायचीच, ती घरमालकाच्या नावावर. म्हणजे पट्टी भाड्यातून भरायची भाडेकरूने आणि मत घरमालकाला. मी सभागृहात मागच्या बाकांजवळ उभी राहून हाच हिशोब करत होते की या खोलीत ज्या पाण्यावर, ज्या मोऱ्यांवर, ज्या उकिरड्यांवर चर्चा झाली ते वाहणारं, उपसणारं, उचलणारं एकही माणूस इथे बसलं नाही. तरी पण मी या खोलीला कमी लेखणार नाही. त्या काळात आपल्या देशात लोकांनी निवडलेली माणसं सरकारी अधिकाऱ्याला हिशोब विचारतायत असं दुसरं किती ठिकाणी होत होतं? फिरोजशहा, तेलंग, तय्यबजी, आपले रावसाहेब मंडलिक, ही माणसं पालिकेच्याच कारभारात तयार झाली, मोरीच्या निविदा आणि पाण्याच्या नळांवर भांडत भांडत.

संध्याकाळी खूप पाय दुखले, लवकर झोपले.

रविवार

पहाटे ससून डॉक. अंधारातच पोचलो. ट्रॉलरवरून बर्फाच्या आणि मासळीच्या पाट्या उतरत होत्या, कोळणी लिलावाला बसलेल्या, पायाखाली नुसतं पाणी. मी कोकणातली, मला बंदर नवीन नाही पण इतकी मासळी एका जागी बघून मी पण थांबले. हा डॉक 1875चा, ससून घराण्याने खाजगी बांधलेला, 1879 ला पोर्ट ट्रस्टने विकत घेतला.

या खाजगी सरकारीच्या भानगडीत बंदराची सगळी गोष्ट आहे. आधी मुंबईला एक असं बंदर नव्हतंच, किनाऱ्यावर ज्याचा त्याचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांचा भाऊचा धक्का तर आपल्या कोकणी माणसाच्या तोंडात कायमचा बसलाय. मोठी जहाजं खाडीत लांब नांगर टाकायची आणि माल पडावातून किनाऱ्याला यायचा, प्रत्येक धक्क्याचा दर वेगळा. मग एल्फिन्स्टन कंपनीने भर घालून इतका किनारा ताब्यात घेतला की व्यापारी घाबरले, उद्या हीच कंपनी सांगेल तो दर. शेवटी 1870 ला सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 ला पोर्ट ट्रस्ट आला. त्यानंतर प्रिन्सेस डॉक 1880 ला, व्हिक्टोरिया डॉक 1888 ला. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले, आख्खं बुडालेलं जंगल, कोणे एके काळी तिथे जमीन होती.

तिथून आम्ही धोबी तलावला आलो. आता तिथे तलाव नाही, चौक आहे, मेट्रो सिनेमा आहे, फक्त नाव राहिलंय. मामा म्हणाले मुंबईत जिथे टँक म्हणतात तिथे पाणी नसतं बघ, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टांकी, कुठेच नाही. नळ यायच्या आधी सगळं शहर विहिरी आणि अशा तलावांवर जगायचं, दानशूर लोकांनी बांधलेले, धोबी तलावाला फ्रामजी कावसजींनी 1830च्या सुमारास स्वतःच्या पैशाने पाणी आणून दिलं म्हणून त्यांचं नाव. भिस्ती पखालीने पाणी भरायचे. उन्हाळ्यात तळ दिसायचा, आणि त्याच पाण्यातून नारू. 1850च्या दशकात पाऊस रुसला तेव्हा तर बाहेरून पाणी आणायची पाळी आली.

मग विहार. हेन्री कॉनिबेअरची योजना, 1856 ला काम सुरू आणि 1860 ला पाणी शहरात. दिवसाला साधारण 3.2 कोटी लिटर. मग 1879 ला तुळशी, 1892 ला तानसा. मामांना या तारखा माहीत नव्हत्या पण तानसाच्या लाईनी, कुठली कुठून वळते, कुठे जुना बिडाचा पाईप अजून जमिनीत आहे हे सगळं त्यांच्या पायाला माहीत आहे, रस्त्यात एखादं लोखंडी झाकण दिसलं की थांबायचे आणि बुटाच्या टोकाने दाखवायचे, ही इंग्रजाची, ही नंतरची.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती ती सांगते. नळ आले तेव्हा गटारं आली नव्हती. म्हणजे घरात पाणी रोज येतंय आणि बाहेर जायला वाट नाही, ते पाणी वाड्यामागच्या बोळात, जोत्याच्या खाली, जमिनीतच मुरतंय. पाण्याने शहराची तहान भागली आणि जमीन मात्र भिजून दलदल झाली, ताप वाढल्याच्या तक्रारी डॉक्टरांनीच केल्या. आम्ही नगरपरिषदेत आजही हेच करतो, पाणी योजनेला मंजुरी आली की फटाके वाजतात आणि भुयारी गटाराची फाईल दहा वर्षं मागे असते. पाण्याला मत मिळतं, मोरीला मिळत नाही.

आणि त्या बोळातच हलालखोराची वाट होती. दोन घरांच्या मधली जेमतेम माणूसभर रुंदीची गल्ली, मागच्या बाजूने संडासाच्या टोपल्या काढायच्या, डोक्यावर घेऊन डेपोपर्यंत न्यायच्या. बरीचशी माणसं गुजरात काठियावाडकडून आलेली. आधी ती घरमालकांकडून परस्पर पैसे घ्यायची, पुढे पालिकेने हे काम आपल्याकडे घेतलं आणि त्याची पट्टी लावली. मामांनी मला एका जुन्या चाळीमागची अशी गल्ली दाखवली. आता तिथे पाईप आहेत, पाण्याचे खाली येणारे, मैल्याचे, जुने गंजलेले, आणि वर आकाशाची एक चिंधी दिसते. मी आत दहा पावलं गेले. दोन्ही खांदे भिंतीला लागत होते. डोक्यावर टोपली घेऊन इथून चालायचं म्हणजे मान वळवता येणार नाही, हात टोपलीला, गळणारं काय ते अंगावरच. मी परत आले आणि बराच वेळ काही बोलले नाही, मामा पण गप्प.

फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत तलावाच्या जागेशेजारीच आहे, 1871 मध्ये तरुण फिरोजशहांनी तिथेच सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन सांगितलं होतं की दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही, लक्ष न ठेवणाऱ्या जस्टिसांचा आहे, लोकांना आपली माणसं निवडू द्या. पुढचे कायदे बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेले.

संध्याकाळी माझगावच्या टेकडीवर, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. मामांच्या घरून चालत दहा मिनिटं. वर बाग, बाकडी, मुलं खेळतायत आणि गवताच्या खाली भंडारवाड्याची पाण्याची टाकी, 1880च्या दशकातली, अजून चालू. विहारचं पाणी टेकडीवर साठवायचं आणि उताराने शहरात सोडायचं. समोर सगळं बंदर पसरलेलं, क्रेन, जहाजं, पलीकडे घारापुरीची आकृती. पायाखाली पाणी आणि समोर धक्का. मामा म्हणाले, "या टाकीवर मी 9 वर्षं होतो. इथे लेव्हल एक फूट उतरली ना, की खाली पाचव्या मजल्यावर बाई ओरडायला लागते."

सोमवार

पुराभिलेखागार. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, सरकारी दप्तराची ही कचेरी 1821 पासूनची. ओळखपत्र, अर्ज, कशासाठी बघायचंय ते लिहून दिलं, मी लिहिलं "19व्या शतकातील नगरपालिका कामकाज", मग वाट बघितली, मग दप्तरं आली.

मला एवढी धडधड कधी झाली नव्हती. जाड बांधणी, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या पण ती कसर, कागदात बारीक बारीक बोगदे. शाई तपकिरी झालेली, काही ठिकाणी शाईनेच कागद खाल्लेला, म्हणजे अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक. जनरल डिपार्टमेंटची बाडं. रस्ता, पाणी, मोरी, स्मशान, धक्क्यावरची जकात, शिपायाची पेन्शन, सगळं एकाखाली एक. आणि रचना तीच! वर विषय, मग आवक क्रमांक, मग कोणाकडून कोणाकडे, मग कारकुनाचं टिपण, त्याखाली साहेबाची दोन ओळी, शेवटी ठराव. आम्ही आज टिपणी लिहितो ती अशीच लिहितो, "सादर", "मान्यतेस्तव", तोच सांगाडा, फक्त भाषा मराठी झाली. एका अर्जाखाली मोडीत सह्यांची रांग होती, मला मोडी वाचता येत नाही, पण एक सही थरथरत्या हाताची होती, दौतीत टाक जास्त बुडवल्यामुळे शेवटचं अक्षर पसरलेलं. म्हातारा माणूस असेल. अर्जाला इंग्रजी भाषांतर जोडलेलं, सरकारकडे त्यासाठी ओरिएंटल ट्रान्सलेटर म्हणून वेगळा अधिकारीच असायचा, आणि 1868 पासून देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं त्याचा आठवड्याचा गोषवारा पण सरकार काढायचं. म्हणजे मराठी पेपरात कोणी काय लिहिलं ते इंग्रजीत साहेबाच्या टेबलावर जायचं. वाचलं जायचं, एवढं नक्की.

मी हलालखोर हा शब्द शोधत होते. सापडला, बऱ्याचदा सापडला, पण दर वेळी संख्येत. इतके हलालखोर, इतका खर्च, इतकी वसुली. नाव एकाही माणसाचं नाही. घरमालकाचं नाव आहे, गाडीच्या ठेकेदाराचं आहे, बैलांचा पण तपशील आहे. दिवसभर पानं उलटली, बंद व्हायची वेळ झाली तेव्हा डोळे झोंबत होते.

बाहेर आले तर राजाबाई टॉवरचे टोले पडत होते. 1878चा टॉवर. तो बांधला तेव्हा मुंबईची वेळ वेगळी होती, आजच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं मागे, देशभर एक वेळ 1906 ला आली तरी मुंबईने आपली वेळ पुढे बरीच वर्षं सोडली नाही. कुठलं घड्याळ खरं मानायचं हा पण कारभारच.

मंगळवार

मशीद बंदरला उतरून मांडवी. गोदामं, हातगाड्या, डोक्यावर गोणी घेतलेले हमाल, सुक्या मिरचीचा ठसका, दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत अशी गर्दी. इथेच सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा साधा ताप नाही, प्लेग आहे. ते डॉक्टर पण होते आणि पालिकेचे सभासद पण. बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामात उंदीर, वर दाटीवाटीने माणसं, आणि खाली तीच भिजलेली जमीन. त्यांचा पुतळा धोबी तलावला आहे, रविवारी बघून नमस्कार केला होता.

ऑक्टोबरमध्ये पालिकेने कडक हुकूम काढले, रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात न्यायचं, घर धुऊन काढायचं. लोक हादरले, कारण इस्पितळात गेलेला परत येत नाही असंच दिसत होतं. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. माणसं शहर सोडून पळायला लागली, 1897च्या सुरुवातीला तर मुंबई निम्म्याच्या आसपास रिकामी झाली, आगगाड्या भरून, कोकणात आगबोटी भरून. माझ्या खापरपणजोबांची गोष्ट आमच्या घरात सांगतात, ते असेच बोटीने आले आणि गावकऱ्यांनी दहा दिवस त्यांना गावाबाहेर आंब्याखाली ठेवलं, आई लांबून भाकरी ठेवून जायची. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ते मात्र शहरातच राहिले, प्लेगच्या कामातच फेब्रुवारी 1897 ला गेले.

पण मला मांडवीत यायचं होतं ते एका वेगळ्याच कारणाने. ज्या कमिशनरने ते कडक हुकूम काढले, स्नो, त्यालाच ते लवकरच सैल करावे लागले, आणि त्याने जे कारण नोंदवून ठेवलं त्यात मुख्य भीती हलालखोरांची होती. ते घाबरून पळाले तर शहर राहण्यालायकच उरणार नाही. प्लेगपेक्षा ती गोष्ट त्याला जास्त भयंकर वाटली. विचार करा, 72 जणांच्या सभागृहात ज्यांचं कोणी नाही, दप्तरात ज्यांचं नाव नाही, मताची 30 रुपयांची पट्टी ज्यांच्या नावावर कधी लागणारच नाही अशी माणसं, आणि त्यांच्या एका पावलावर सरकारचा हुकूम बदलतो. मी हे मामांना गर्दीतच उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या चौकीत मुकादम पहिली हजेरी सफाईवाल्यांची घ्यायचा. बाकी खाती उशिरा आली तर चालतं."

माझ्या टेबलावर वर्षातून दोन तीन तरी वारसा हक्काच्या फाईली येतात, लाड पागे समितीप्रमाणे, बाप सफाई कामगार होता म्हणून मुलाला नोकरी. मुलगा कधी कधी ग्रॅज्युएट असतो. मी कागद तपासते, रेशन कार्ड, मृत्यू दाखला, ना हरकत, आणि शेरा मारते. आता त्या फाईलीवर नाव लिहिताना मी नाव नीट, पूर्ण, वडिलांच्या नावासकट लिहिणार आहे, तिघांची असली तरी "इतर दोन" असं नाही लिहिणार.

परत येताना मामींना क्रॉफर्ड मार्केटातून पेरू घेतले.

बुधवार, पहाट

गाडी सातला, मांडवी एक्सप्रेस. मामांनी साडेतीनला उठवलं, म्हणाले पाणी सोडताना बघायचंय ना तुला, आज आपल्या गल्लीची वेळ पहाटेचीच आहे. खाली आलो तर एक तरुण मुलगा मोटरसायकलवर, खांद्यावर लांब लोखंडी चावी, टी सारखी, माझ्यापेक्षा उंच. मामांच्या पाया पडला. मोबाईलचा टॉर्च मी धरला. त्याने रस्त्यातलं झाकण पहारीने उचललं, आत काळोख, चावी खाली सोडली, ती कुठेतरी टक् करून बसली. मग दोन्ही हातांनी फिरवायला लागला. पहिल्या काही फेऱ्यांना काहीच नाही, नंतर जमिनीतून बारीक शिट्टीसारखा आवाज, मग घरघर, आणि मग पायाला कळलं, रस्ता अगदी हलका थरथरतोय. चाळीत तिसऱ्या मजल्यावर कुणाचातरी रिकामा नळ खाकरला आणि पाठोपाठ बादलीत धार.

"किती झाल्या रे?" मामांनी विचारलं.

"22, काका."

"अजून दोन दे. वरची म्हातारी एकटी असते, तिला उशिरा चढतं."

त्याने अजून दोन फिरवल्या. मामा बोटांवर मोजत होते.